फ्रीजचं दार, दिवसाला बारा वेळा

मंगळवार, दुकानातून, गिऱ्हाईक नसताना

ती. ताई,

तुला साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घालतो आहे. चष्म्यांच्या कपाटांमध्ये माणूस उभा राहतो हेच नशीब, आडवा कुठे होणार?) तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? भावोजींचा खोकला तसाच असणार, कारण त्यांनी तो अजून डॉक्टरांना दाखवलेला नसणार. इकडे आम्ही सगळे मजेत. आप्पा उत्तम. (ते तुला फोनवर रोज सांगतातच, आणि 'उत्तम' याच्यापुढे काही सांगतही नाहीत.) हातात फोन असताना पत्र कशाला लिहितो हा, असं तुला वाटेल. त्याचं असं आहे की मी फोनवर असलो की आप्पा शेजारी येऊन बसतात, आणि आपल्या फोनवर बोलतेस तू, मी नुसता हुंकार भरतो. या वेळी मला पूर्ण वाक्यं बोलायची आहेत.

मी विजेच्या बाबतीत काटेकोर आहे, हे तुला ठाऊक आहे. (तुझी भावजय यासाठी दुसरा शब्द वापरते.) गेल्या दोन वर्षांत मी घरातले झाडून सगळे दिवे बदलले आणि कमीत कमी वॉटचे बसवले. स्वयंपाकघरात तर तीन वॉटचा आहे. त्या खोलीला खिडकी आहे, पण ती उघडते शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर, त्यामुळे भर दुपारीही दिवा लागतो. तीन वॉटमध्ये काही दिसत नाही, अशी तुझ्या भावजयीची तक्रार असते. पण बावीस वर्षं त्याच ओट्याशी उभी आहे, तिला डबे पाठ झालेले आहेत, त्यांना उजेड कशाला हवा, असा माझा मुद्दा. तर असं घर सगळं नीट लावून झाल्यावर गेल्या वर्षी जुना फ्रीज मोडीत काढून मी पाच स्टारचा घेतला. त्याच्या दारावर सरकारी लेबल आहे, वर्षाला अमुक इतके युनिट. ते लेबल मी कुणाला काढू दिलं नाही. फ्रीजला वेगळा छोटा मीटर लावला, वर्षभर रोज आकडा टिपला, आणि ताई, वर्षाच्या शेवटी माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमचा फ्रीज लेबलावरच्या आकड्याच्या दीडपट वीज खात होता.

मी गप्प बसणारा माणूस नाही. मानकं ठरवणाऱ्या कार्यालयाला मी सात पत्रं लिहिली. पहिलं नम्र होतं, सातवं तू वाचू नयेस असं होतं. सातव्याला उत्तर आलं. घरगुती उपकरणांच्या वीजवापराची मानकं सुधारण्यासाठी एक समिती नेमली आहे, तिच्यावर सामान्य ग्राहकांचे प्रतिनिधी म्हणून आपण यावं, ही विनंती. तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करायचं तर त्याला समितीवर घ्यावं, हे त्या कार्यालयाला कुणी शिकवलं देव जाणे, पण माझ्यावर ते लागू पडलं. मी नवा शर्ट शिवला.

लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि पितळी पाटी. प्रयोगशाळेच्या प्रमुखांची पाटी, कारखानेवाल्यांच्या इंजिनिअरची पाटी, अध्यक्षबाईंची पाटी, सगळ्यांवर नाव, पदवी, हुद्दा. माझ्या पाटीवर फक्त 'सामान्य ग्राहक'. (तुझी भावजय म्हणाली, बरं झालं, कुठेतरी लेखी आलं.) पहिल्याच बैठकीत प्रयोगशाळावाल्यांनी सांगितलं की फ्रीजची चाचणी कशी घेतात. बंद खोलीत, ठरलेल्या तापमानात, फ्रीज रिकामा ठेवून, चोवीस तास दार न उघडता. मी ताबडतोब हात वर केला. म्हटलं, दार न उघडता फ्रीज वापरणारं एक घर मला दाखवा, मी माझी सातही पत्रं मागे घेतो. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला (फ्रेम जरा नाकावरून घसरते, मी नंतर बसवून दिली) आणि म्हणाल्या की हे अगदी खरं आहे, यापुढे दार उघडून चाचणी घेऊ. मला वाटलं, ताई, आज आई हवी होती.

मग त्यांनी सहज विचारलं की तुमच्या घरी दिवसातून दार किती वेळा उघडतं.

मी कधी मोजलं नव्हतं. पण समोर कारखानेवाल्यांचा इंजिनिअर बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मला पुढचं वाक्य स्पष्ट दिसत होतं. मी पन्नास म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, मग साहेब, दोष फ्रीजचा नाही, तुमच्या घरच्यांचा आहे. माझ्या दुकानात नजर तपासायला येणारी माणसं शेवटची ओळ दिसत नसताना ठोकून देतात, आणि मी त्यांना हसतो. माझ्याशी खोटं बोलून तुम्हालाच चुकीचा नंबर मिळेल, असं त्यांना रोज ऐकवतो. तोच मी, सगळी पेनं वर झालेली बघून, म्हणालो, बारा. इंजिनिअरनं आनंदानं लिहून घेतलं. पुढच्या बैठकीला छापील मसुदा हातात आला, त्यात कलम होतं: सामान्य कुटुंबात फ्रीजचं दार दिवसाला बारा वेळा उघडलं जातं, असं धरावं. ताई, यापुढे घराघरांत येणाऱ्या प्रत्येक फ्रीजच्या लेबलावर माझी थाप असणार आहे.

रविवारी मी खात्री करायला बसलो. प्रिस्क्रिप्शनचं पॅड घेतलं आणि पॅसेजमध्ये खुर्ची टाकली. तिथून फ्रीज कडेनं दिसतो, त्यामुळे दार उघडलं की त्याच्या आड कोण आहे ते फक्त पायांवरून ओळखायचं. तुझी भावजय १९. (दूध, लोणी, भाजी एकदाच काढून घेत जा, असं मी सुचवलं. तिनं सुचवलं की तू आठवड्याचं एकदाच जेवून घेत जा.) तुझी भाची ११. ती दार उघडते, आत बघत राहते, काही न घेता बंद करते आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडते. तेवढ्यात आत काही नवीन उगवलं असेल अशी तिला आशा वाटते. मी ३, कारण मी पहाऱ्यावर होतो. आणि आप्पा ४१.

खोटं नाही सांगत. दाराखाली आप्पांच्या चपला दिसायच्या. मिनिटभरानं फ्रीज पिपाणी वाजवायचा (ती सोय पाच स्टारमध्ये येते), मग दार बंद. जरा वेळानं पुन्हा चपला. हातात काही घेऊन येत नाहीत. दोनदा मी विचारलं, काय हवंय आप्पा? म्हणाले, काही नाही, बघत होतो. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, ज्यानं आपल्या दोघांच्या शाळेतल्या प्रगतिपुस्तकातसुद्धा चुका काढल्या, तो आता फ्रीजमध्ये टक लावून उभा राहतो. वय झालं, दुसरं काय.

यात पंचाईत अशी की समितीला आता बाराच्या आकड्याची पडताळणी हवी आहे, आणि ती कुठे करायची तर सामान्य ग्राहकाच्याच घरी. येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी मोजणीवाला येईल, दारावर आगपेटीएवढं यंत्र चिकटवून सील करेल आणि सात दिवसांनी आकडा समितीपुढे ठेवेल. असो. बाकी सगळं ठीक आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आप्पा तुझी फार आठवण काढतात.

तुझा धाकटा भाऊ
(समितीत: सामान्य ग्राहक)

ता. क. आठवणीवरून आठवलं. त्या सोमवारपासून आठ दिवस आप्पांना तुझ्याकडे बोलावून घे ना. तुझ्याच मनात आलं असं दाखव. तुझ्या फ्रीजवर यंत्र नाही, तिथे ते खुशाल हवं तेवढं बघोत. तुझ्या भाचीला मी मैत्रिणीकडे अभ्यासाला पाठवतो आहे. तुझ्या भावजयीशी बोलणी चालू आहेत, ती पंधरावर अडून बसली आहे. पण आप्पा हलले नाहीत तर भर समितीत माझं नाक कापलं जाईल, हे नक्की. वाचून झाल्यावर पत्र फाडून टाक.

ता. क. दुसरा, बुधवार संध्याकाळ, घरून. पाकीट घरी होतं म्हणून पत्र घरी आणलं, आणि माझं शहाणपण बघ, ते जेवणाच्या टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर पिपाणी वाजत होती. दाराखाली चपला. या वेळी रविवारसारखा खुर्चीत बसलेला नव्हतो, ओल्या केसांनी सरळ दाराला वळसा घालून पलीकडे गेलो. आजवर मी तसा गेलोच नव्हतो.

आप्पा माझं पत्र फ्रीजच्या आतल्या दिव्याला लावून वाचत होते. कागद दुधाच्या भांड्यावर टेकवलेला, नाक कागदाला टेकायचं बाकी. वरच्या फळीवर त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र. अंड्यांच्या खाचेत भिंग ठेवलेलं, माझ्याच दुकानातलं. आमच्या सगळ्या घरात तेवढा एकच दिवा वाचण्याजोगा उरला आहे, ताई, कारण फ्रीजच्या आतला दिवा बदलायचं मला सुचलं नव्हतं. मला बघून ते जरासुद्धा दचकले नाहीत. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "इथे एक्केचाळीस लिहिलंयस की एकवीस?"

मी म्हटलं, एक्केचाळीस.

त्यांनी पत्राची होती तशीच घडी घातली आणि म्हणाले, "मग जातो मी ताईकडे आठ दिवस. तुझा आकडा चुकायला नको." आणि खरंच कपाटावरची पिशवी काढायला निघाले. चुकीचा आकडा छापला जाऊ नये म्हणून चौतीस वर्षं डोळे झिजवलेला माणूस माझ्या थापेसाठी कपडे भरायला निघाला होता. मला इतकी लाज वाटली, ताई, की तुझी भावजय मागे उभी होती तरी मी रडलो. ती गेली, बैठकीतलं स्टूल आणलं, माझ्या हातात एक मोठा दिवा दिला (तिनं तो सहा महिन्यांपूर्वीच आणून तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवला होता) आणि वर बोट दाखवलं.

ता. क. तिसरा, शनिवार. आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉक्टरांनी विचारलं की इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. मी काय काम करतो ते मी त्यांना सांगितलं नाही. आप्पांनी सांगितलं, आणि वर अभिमानानं सांगितलं. का नाही बोललात, असं मी विचारलं तर म्हणतात, तू दिवसभर लोकांचे डोळेच बघतोस, घरी आल्यावर आणखी कुठे.

मोठा दिवा लागल्यापासून आप्पांची मोजणी दिवसाला दोनवर आली आहे आणि फ्रीजचा मीटर लेबलाच्या आकड्याजवळ. म्हणजे फ्रीज खरं बोलत होता आणि दिव्यांत वाचवलेली वीज मी फ्रीजच्या दारातून सोडून देत होतो. हे गणित तुझ्या भावजयीनं मांडून दाखवलं, दोनदा. मी अध्यक्षबाईंना फोन करून सगळं कबूल केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी एकटी राहते, माझ्या एकटीचं वीस वेळा होतं. मग बैठकीत बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, तुम्ही चौघांचं बारा सांगितल्यावर कुठल्या तोंडानं बोलणार?

तेव्हा आधीचं सगळं रद्द समज. आप्पांना बोलावू नकोस, तूच ये. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन यंत्राच्याच आठवड्यातल्या मंगळवारी आहे. नंतर डोळ्यात घालायचं औषध फ्रीजमध्ये ठेवायचं आहे आणि ते दिवसातून सहा वेळा घालायचं आहे. यंत्र दारावर असेलच, असू दे. भावोजींना आण, मुलांना आण, ज्याला जितक्या वेळा उघडायचं तितक्या वेळा त्यानं दार उघडावं. जो आकडा येईल तो मी स्वतः समितीत वाचून दाखवणार आहे.

ता. क. शेवटचा. आप्पांनी आत्ता हे सगळं पत्र माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि त्यात एक दुरुस्ती सांगितली आहे. एक्केचाळीस वेळा ते काही वाचायला गेले नव्हते, एकोणचाळीस वेळाच गेले होते. दोन वेळा त्यांना भूक लागली होती. पण मी पॅसेजमध्ये पॅड घेऊन बसलेला दिसलो, म्हणून काही न घेता त्यांनी दार लावून टाकलं. तेवढं ताईला नीट कळव म्हणाले.