पब्लिक फंड्स आणि देवयानी

मिल्टन कीन्स, इंग्लंड, ४ सप्टेंबर २००६
कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं पत्र. देवयानी तीन वर्षांची झाली, म्हणून रोज अडीच तास नर्सरी, फुकट. मृणाल खूश. तिला डेंटिस्टकडे सकाळची रिसेप्शनिस्टची नोकरी मिळतेय. मी बायकोला शांतपणे माझा व्हिसा दाखवला : 'नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स.' सरकारी पैसा घेतला की थेट पुणे. ती म्हणाली, कौन्सिलला विचारून तर बघ. विचारणं म्हणजे आपणहून पकडून देणं! पत्र फाडलं.

५ सप्टेंबर
निर्णय. सकाळी वर्क फ्रॉम होम करून मीच शिकवणार. अडीच तास म्हणजे काय विशेष! एक्सेलमध्ये टाइमटेबल केलं. रंगीत. मृणालला म्हटलं, नोकरीला बिनधास्त हो म्हण.

११ सप्टेंबर
मृणाल कामावर. साडेनऊ : अल्फाबेट. 'सी'पर्यंत उत्तम प्रगती. मग क्लायंटचा कॉल. देवयानीने कॉलवर जाहीर केलं, "बाबा, शी झाली." नशीब, क्लायंटला मराठी येत नाही. टीममधल्या उल्हासला येतं.

१३ सप्टेंबर
टाइमटेबल तात्पुरतं स्थगित. प्रोजेक्टचं रिलीज आहे. सकाळभर कार्टून. यालाही ऑडिओ-व्हिज्युअल लर्निंग म्हणतात.

१४ सप्टेंबर
संध्याकाळी तिघं पार्कमध्ये. एका मुलीने देवयानीपुढे बॉल धरला. देवयानी म्हणाली, "कॅन एव्हरीवन गो ऑन म्यूट, प्लीज?" पूर्ण वाक्य! माझं शिक्षण! ती मुलगी बॉल घेऊन निघून गेली. देवयानी बराच वेळ हात पुढे करून उभी होती. मृणालने तिला उचललं आणि तडक घराकडे निघाली. थकली असावी.

१५ सप्टेंबर
उल्हासचा मुलगा वर्षभर नर्सरीत जातोय. व्हिसा माझ्यासारखाच. म्हणतो, नर्सरी त्या फंड्समध्ये येतच नाही, मी विचारलंय. बिचारा. कधी हाकलतील कळणारही नाही त्याला.

१८ सप्टेंबर
देवयानीला घेऊन सहज नर्सरीवरून गेलो. एका मित्राच्या वतीने चौकशी केली. हेडबाई म्हणाल्या, व्हिसाचा संबंध नाही, तीन वर्षांचं कुठलंही मूल येऊ शकतं. मग मी मोठ्या मनाने देवयानीचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ही तर उद्यापासून येतेय. आईने शुक्रवारीच फॉर्म भरला.

फॉर्म बघितला. अडचणीच्या वेळी फोन : मृणाल. ती नसल्यास : उल्हास.

वडिलांच्या रकान्यात मृणालचं सुवाच्य अक्षर : सकाळी कॉलवर असतात.