भात खाल्लेले जिताडे

बाबा, हे मी रोह्याला माशांचं खाद्य बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये बसून लिहिते आहे. दाराबाहेरच्या बाकावर धरमतरकडचा एक शेतकरी बसला आहे. तू गेलास तेव्हा होतास तेवढ्याच वयाचा. सकाळी मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन एसटीने आला. डब्यात बर्फ आणि त्याच्या तळ्यातले तीन मेलेले जिताडे मासे. रोज चार-दोन मरतात, उरलेले वाढत नाहीत, आणि तो आमचंच खाद्य घालतो. मी तिन्ही चिरले. यकृत सुजलेलं, फिकट पिवळं, बोट लावलं की फुटेल असं. असं यकृत मी आपल्या अंगणात पाहिलं आहे.

मासळीची भुकटी महाग झाली म्हणून या खेपेला ती कमी करून तांदळाची कणी आणि मैदा वाढवला होता. थोडा स्टार्च लागतोच, नाहीतर खाद्याची गोळी पाण्यात विरघळते. पण किती चालेल हे बघणं माझं काम, आणि मंजुरीच्या कागदावर सही माझी आहे. साहेबांना यकृत दाखवलं तर म्हणाले, "पाण्याचा दोष लिहा, मॅडम. खाडीकाठचं तळं, कोण विचारतंय?" चार वाजता अहवाल द्यायचा आहे. आता सव्वातीन झालेत. आणि बाहेरचा तो माणूस मला काय म्हणाला माहीत आहे? "माजंच कायतरी चुकलं असंल, ताय. पानी बदलाया उशीर झाला." मला त्याचा रागच आला. तुम्ही माणसं दुसऱ्याची चूक इतक्या पटकन पदरात का घेता?

घरामागचं आपलं तळं मला अजून दिसतं. उधाणाच्या पाण्याबरोबर येणारी बोटभर जिताड्याची पिल्लं तू खाडीवरून आणायचास आणि चिखलातल्या निवट्या, बारकी कोळंबी घालून वाढवायचास. त्या वर्षी बारकी मासळी मिळेना. तू सुकटाच्या भुकटीत भात मळून त्याचे गोळे टाकू लागलास, आणि हळूहळू गोळ्यात सुकट कमी, भात जास्त होत गेला. मासे गिळत होते, पोटं फुगत होती. तू काठावर उकिडवा बसून म्हणायचास, "बघ गो, कसं अंग धरलंय." माझं लग्न ठरलं होतं. आपल्या घरची रीत, तळ्यातला पहिला मोठा जिताडा व्याह्यांकडे जायचा. तू त्या एका माशावर डोळा ठेवून होतास.

मासे वाढले नाहीत, मरायला लागले. मी दिवाळीला घरी आले, एक मासा अंगणात विळीवर चिरला आणि चार शेजाऱ्यांदेखत तुला सुनावलं. म्हटलं, हा मासे खाणारा मासा, याला भात घालतात का? याला तो धड पचत नाही, आणि जेवढा पचतो तेवढा यकृतात साठून राहतो, अंगाला लागत नाही. "तूच मारलेस यांना," असंही म्हटलं. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. "व्हय, माजंच चुकलं," म्हणालास आणि हात धुवायला गेलास. पुढे पेणच्या बाजारातून विकत आणलेला जिताडा घेऊन व्याह्यांच्या दारात गेलास, तिथेही तेच वाक्य बोललास. आई सांगते, बोलताना तू मान वर केली नव्हतीस.

बाबा, भात घालायला तुला मीच सांगितलं होतं. कॉलेजात नुकताच रोहू-कटला माशांचा धडा झाला होता आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. मे महिन्याच्या सुट्टीत ओटीवर पाय हलवत म्हणाले होते, "कशाला बारकी मासळी शोधत फिरतोस? भात घाल, माशाला चालतो." रोहूला चालतो. जिताड्याचं मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. तू मात्र पोर शिकतेय म्हणून ऐकलंस. दिवाळीला तुला सुनावताना मला हे आठवत होतं. विसरले होते असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं, पण ते खोटं आहे. तूही कधी बोलला नाहीस, आईजवळसुद्धा नाही.

अहवाल लिहून झाला. खाद्यात स्टार्च जास्त, मंजुरी माझी, असं लिहून खाली सही केली. साहेब काय करायचं ते करतील. हे पत्र टेबलाच्या खणात राहील, दुसरीकडे कुठे जाणार? चारला दहा मिनिटं आहेत. आता दार उघडून त्या माणसाला सांगायचं की तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. दोनदा उठले आणि परत बसले. तो ओरडेल याची भीती नाही मला. तो "असूंदे गो" म्हणेल, याची आहे.