छातीचा पट्टा आन् विभूती

अप्पा, माझ्या मनगटावर आता एक काळं घड्याळ हाय. वेळ दाखवतंय, पण ते त्याचं खरं काम न्हाय. सायकल किती चालली, किती जोरात चालली आन् काळीज किती पळालं, हे ते मोजतंय. मागल्या साली सोलापूरला काळजात स्प्रिंग बसवली. डॉक्टर म्हणला, सायकल चालवा, पण ठोके ह्या आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. तेवढ्यावर तुमच्या नातवानं पुण्याहून घड्याळ धाडलं. मनगटावर आकडा येतोय, पण खडीच्या रस्त्याला हँडल हादरलं की घड्याळ हादऱ्यालाच ठोके समजतंय. म्हणून मागून छातीला बांधायचा पट्टा आला. पट्ट्यावर बटणासारखा सेन्सर. त्यानं ठोके मोजायचे आन् घड्याळाला सांगायचे. एवढ्याशा कामाला दोन दोन वस्तू. मला हा पसारा पटत न्हाय, पण सुनेनं सायकलीची किल्ली उचलून फडताळात साखरेच्या डब्यावर ठेवली आन् म्हणली, "मामा, घड्याळात पट्ट्याचा आकडा दिसला की किल्ली तुमची." शाळेत शिकवती ती. पोरांना बोलावं तसंच मला बोलती.

तुमी म्हणाल, सायकलीचं एवढं काय. आडत बंद केली, अप्पा. दिवसभर घरात बसायचं, टीव्हीवरच्या माणसांची भांडणं ऐकायची. सकाळी लोहारा रोडनं जाऊन यायचं, एवढंच माझं म्हणून राहिलंय. ते बी गेलं तर मग खाट आन् म्या.

पट्टा बांधला. घड्याळ सेन्सर शोधतंय, शोधतंय, त्याला गावत न्हाय. पोराला फोन लावला. तो म्हणला, "पप्पा, पट्टा मोबाईलला तर जोडला न्हाय ना?"

"जोडला की. तूच म्हणलास जोडा."

"अहो, घड्याळाला जोडा म्हणलं! तो एका वेळी एकालाच बोलतो. मोबाईलनं धरून ठेवलाय त्याला."

"मग तसं सांगायचं."

मोबाईलचं बंद केलं, तर घड्याळाला सेन्सर गावला. पण आकड्याच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा. पोरगा म्हणला, सेल बदला. गोल सेल आणून बदलला, तर घड्याळाला पट्टाच दिसंना. "उलटा तर बसवला न्हाय?" असं त्यानं इचारलं. म्या म्हणलो, "आडतीत जलम गेला, वजनाचे काटे खोलून जोडलेत म्या. मला सेल शिकवतोस?" सुनेनं झाकण उघडून बघितलं. "उलटाच हाय, मामा." तो फोनात, ही हितं, दोघं बी हसले. हसू दे. सुलटा केला, तर परत त्याच रेघा.

मग पोरगा म्हणला, "पप्पा, गळ्यात डबी हाय न्हवं चांदीची? ती सेन्सरवर आदळत आसंल. थोडा वेळ काढून बघा की."

लिंगाची डबी, दीक्षेपासनं गळ्यातली. थोडा वेळ म्हणे. घड्याळ हाय का ते, रात्री काढून उशाला ठेवायला? म्या एवढंच म्हणलो, "ते निघत न्हाय," आन् फोन ठेवला.

तुमाला ठावं हाय, ते एकदा निघालं हुतं. म्या लहान, शिवारातल्या विहिरीत पोहायला गेलो, दोरा गळ्यात गुतायला लागला म्हणून लिंग काढून चिंचेच्या फांदीला अडकवलं आन् तसाच घरी आलो. अव्वा भाकरी थापतीया, तव्यावरची भाकरी फुगलीया, म्या ताट वढतोय. तुमी माझ्या गळ्याकडं बघता. वरडत न्हाय. माझं ताट उचलून फळीवर पालथं घालता आन् म्हणता, "ह्याला वाढू नको. आधी अंगावरचं अंगावर येऊ दे." म्या ओल्या चड्डीनं पळत सुटलो. परत आलो तवर भाकरी गार झालती, पण तुमी बी जेवला नव्हता.

तर म्या पट्टा सोडून खाटेवर टाकला आन् म्हणलो, "ठेव तुझी किल्ली. झाली सायकल." सुनेनं पट्टा उचलून आतून बघितला. काळ्या रबराला पांढरा थर.

"मामा, छातीला पावडर लावता का?"

"पावडर कशाला लावू? विभूती हाय ती."

तिनं बोट फिरवलं. "हे रबर कातड्याला लागलं तर ठोके कळणार. वाळून पापडी झालीया मधी. डबीचा काय संबंध न्हाय, मामा." मग हलकंच म्हणली, "काय करायचं ते म्या सांगणार न्हाय. तुमचं तुमी बघा."

विभूती ओली करून तीन बोटांनी कपाळ, दंड, छाती. तुमीच बोट धरून शिकवलं. तुमी झोपेतच गेला, कुणाला कळलं बी न्हाय. सकाळी अव्वा चहा घेऊन आली तवा कळलं. समाधीला न्यायच्या आधी तुमाला बसवलं, आन् तुमच्या छातीवर शेवटची विभूती म्याच वढली. बोटं तिथंच ठेवून बसलो जरा. काय लागतंय का बघत हुतो. विधीला आलेले जंगम स्वामी म्हणले, "झालं, आता हात काढा." काढला.

म्या मोरीत गेलो. छातीवरचं ओल्या फडक्यानं पुसलं, पट्टा पाण्यात भिजवून बांधला. घड्याळात आकडा आला. सुनेनं बघितला, फडताळाकडं बोट केलं आन् शाळेला गेली. तवापासून कपाळाला आन् दंडाला लावतो, छाती मोकळी ठेवतो. लिंग गळ्यातच हाय. तुमी काय म्हणला असता ते मला ठावं हाय. भांडायला तुमी न्हाय, तर तुमच्या बाजूनं बी म्याच बोललो, आन् जिंकलो बी म्याच. सायकल चालतीया. चढाला आकडा वर गेला की उतरतो आन् हातात धरून चालतो.

हे धाडायला जागा न्हाय, तर लपवायचं तरी कशाला. दुपारी घरात कुणी नसतंय. सायकल न्हाय, काय न्हाय, तरी दार लोटून पट्टा बांधतो आन् खाटेवर बसून तो आकडा बघत राहतो. हलतोय का, एवढंच. सून म्हणती, मामा, ह्या पट्ट्याचा सेल एवढ्या लवकर कसा उतरतोय? म्या म्हणतो, मालच हलका हाय.