माग नसलेली शाळा

तांडापेठ, नागपूर
९ जुलै १९७८

ती. अंजनाताईस,

गोपिकाचा नमस्कार. इकडे आम्ही सारे मजेत. सावनेरले पाऊसपाणी कसं आहे? भाऊजींचा गुडघा कसा आहे? दिवाळीपासून तू पत्र टाकलं नाही अन् मीही नाही. एकाच मायच्या लेकी, दोघीही अडून बसलो. लहानीनंच वाकावं म्हणून लिहून राहिली.

आमची जया सात वर्षांची झाली. समोरचे दोन दात पडले, तरी फुटाणे सोडत नाही.

दिवाळीत तू साऱ्यांसमोर म्हणाली, "चार वर्षं पोरीचं बहिरेपण कळलं नाही, कशी वं आई तू?" मी ताटावरून उठली. पण ताई, आमच्या घरात पॉवरलूमचे चार माग दिवसभर खटखटतात. इथं तोंडानं कोण बोलते? धागा तुटला, चहा झाला, जेवायले चला, सारं हातानं. सासूबाई तर भांडतातही हातानंच. अशा घरात जया चारचौघांसारखीच होती.

मग शाळेचा घोळ सुरू झाला. हे म्हणत, गल्लीतल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेतच राहू दे, आपल्या माणसांत राहील. देवराव गुरुजी मायाळू, त्यांनी पुढच्या रांगेत बसवली. पण गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवतात, हिले ओठ दिसत नाहीत. वर्षभर बाजूच्या पोरीचं पाहून पाटी भरली. तिचं गणित चुकलं की हिचंही चुकलं. पास मात्र दोघी झाल्या.

मुक्या-बहिऱ्यांची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाले. मलेही वाटे, तिथं नाव घातलं की पोरीवर शिक्का बसला. तरी मागच्या सोमवारी पाहायले नेलं. वर्गात बाई तोंडानंच बोलायले लावतात, हात हलवू देत नाहीत. जया रडकुंडीले आली. मी म्हटलं, चल बाई घरी. तेवढ्यात मधली सुट्टी झाली अन् बाईंची पाठ वळताच साऱ्या पोरांचे हात सुटले. जयानं आपला 'धागा तुटला' करून दाखवला. पाच मिनिटांत मैदानभर धागे तुटून राहिले. मी हसून हसून पायरीवर बसली.

जया धावत आली अन् हातानं विचारलं, "इथं माग कुठं आहे?"

तिले वाटे, माग असला तरच माणसं अशी बोलतात. मी सांगितलं, माग नाही. ती त्या पोरांकडे पाहतच राहिली. मग माझा पदर सोडून पळाली.

गुरुवारी नाव घातलं. हे आधी कुरकुरले, पण शुक्रवारपासून सायकलवर तेच पोचवतात.

आता दिवाळीत गिळलेली गोष्ट सांगते. आमच्याकडे लाईट नेहमी जाते. माग थांबले की घर एकदम शांत होते. जया दोन वर्षांची होती तेव्हापासून मले शंका होती. म्हणून त्या शांततेत मी तिले मागून कधी हाक मारली नाही. वळली नाही तर काय करू, ही भीती. शेवटी एक दिवस सासूबाईंनी हाक मारली, अन् ती वळली नाही. मले कळलं नव्हतं असं नाही, ताई. मी पाहायलेच तयार नव्हती. त्यात पोरीची दोन वर्षं गेली.

तान्ह्या पोळ्याले ये, जया लाकडी बैल मिरवणार आहे. जयानं तुझं नाव ठेवलं आहे: कमरेवर दोन्ही हात अन् डोळे वटारलेले. रागावू नको, हुबेहूब तूच आहेस. फक्त आल्यावर तिले मागून बोलावू नको. समोर ये. मीही आता तेच शिकून राहिली.

तुझी, हाक मारायले भ्यालेली,
गोपी