कुलपातला साखरेचा डबा

स्वारींच्या सेवेशी, साष्टांग नमस्कार.

मुलाच्या घरी देवाच्या दयेने बरी आहे. जप वेळेवर होतो. तुमचा गुडघा कसा आहे? दूध उतू घालवत नाही ना?

सूनबाई माझ्या मधुमेहाची फार काळजी घेते. साखरेचा डबा कुलपात असतो आणि किल्ली तिच्या पर्समधून ऑफिसला जाते.

मंगळवारी इन्शुलिनचं इंजेक्शन घेतलं आणि नातीला भरवण्यात माझं जेवण लांबलं. हातपाय कापायला लागले, अंग घामाने निथळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरात आम्ही दोघीच. तिच्या हातात लिंबाच्या गोळ्यांची पुडी होती. ती हिसकावून होत्या तेवढ्या गोळ्या मी तोंडात कोंबल्या. जीव वाचला, पोर मात्र रडून लाल झाली.

संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, "आई, लाज नाही वाटत? लेकराच्या हातचं ओढून खातेस!"

"अरे, साखर उतरली होती."

सून हसली. "मधुमेहात साखर वाढते हो, आई. सरळ सांगा ना, जीभ आवरत नाही."

तेव्हा एवढं करा. आपल्या डॉक्टरांकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या, की हिची साखर उतरली तर ताबडतोब साखर द्यावी. आईच्या शब्दाला इथे किंमत नाही, शिक्क्याला असेल.

मुलाला रागाने काही लिहू नका. पण कागद लवकर धाडा. नात आता मी दिसले की खाऊची मूठ पाठीमागे लपवते.

तुमच्या पायांशी मन ठेवून असलेली,
तुमचीच