दोरीचं दुसरं टोक

प्रिय विश्वनाथ,

काल फोनवर तू पुन्हा तेच म्हणालास. लेकीच्या घरी चार दिवस पाहुणा म्हणून ठीक, पण महिनोन्महिने गोचिडीसारखं चिकटून राहणं तुला जमणार नाही. आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास! पत्रात मला कोण थांबवणार?

गोचिडीचं नाव तू चुकीच्या बाईपुढे काढलंस. इथल्या हॅमिल्टन शहरापासून तासाभरावरच्या राखीव गवताळ रानात आपली निवेदिता गोचिडींचाच अभ्यास करते आणि शनिवारी मी तिच्याबरोबर जाते. जाड पांढरं कापड दोरीने गवतावरून ओढायचं. कुणी जनावर चाललंय असं समजून गोचिडी त्याला चिकटतात, मग चिमट्याने वेचायच्या. पहिल्याच दिवशी मी शोषक आणि शोषितांवर सुरू झाले, तर लेक म्हणाली, "आई, भाषण नंतर. आधी पँट मोज्यांत खोच." आणि आपली नात सिद्धी मागून ओरडते, "आजी, यू आर हीप्स स्लो!" म्हणजे इथल्या पोरांच्या बोलीत, फारच हळू.

किती पुढाऱ्यांना मी भर सभेत गोचीड म्हटलं, आठवतं? उगाच तिची बदनामी केली. ती वर्षातले मोजके दिवस रक्त पिते. बाकी सगळा काळ गवताच्या पात्याच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसलेली असते, कुणीतरी जवळून जाईल म्हणून. भिंगातून ते पाय पाहिले आणि मला आपली साताऱ्याची गॅलरी दिसली. मांडीवर मोबाइल घेऊन तू तिथे निवेदिताच्या फोनची वाट पाहतोस, आणि फोन आला की दोन मिनिटांत म्हणतोस, "बरं, ठेव आता, तुला कामं असतील." याला तू स्वाभिमान म्हणतोस? माणसाने माणसाच्या आधाराने जगणं कमीपणाचं असेल, तर लहानपणी तुझ्या खांद्यावर झोपणारी आपली लेक कोण होती रे?

आता खरं सांगते. मी परतीचं तिकीट पुढे ढकललंय. रागावू नकोस. मी इथे मजेत आहे, पण एकटीने मजेत राहायचा कंटाळा येतो. कापडाच्या दोरीला दोन टोकं आहेत. एक मी धरते, दुसरं निवेदिता, त्यामुळे वेचायला तिचा हात मोकळा राहत नाही. पाहुणा म्हणून येऊ नकोस. दोरी धरायला ये. तुझी ती खादीची जाड पांढरी चादरही आण, इथलं कापड विरलंय.

हात पसरून बसलेली,
तुझीच,
श्यामला