परतूरच्या रस्त्यावरचा जोहार

बाबा, आज उपासना सुटल्यावर देवळाच्या पायरीवर एक म्हातारा माझ्यापुढं उभा राहिला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "सलाम, बाई." किती वर्षांनी कानावर पडला हा शब्द! आता आपली माणसं "जय ख्रिस्त" म्हणतात, पोरं तर इंग्रजीत "प्रेज द लॉर्ड" म्हणून मोकळी होतात. हा म्हातारा जालन्याकडचा, जुन्या वळणाचा निघाला. मी नुसती मान हलवली आणि रिक्षात बसले. तोंडातून उलटा सलाम निघालाच न्हाई. घरी आले तर जेवण जाईना. सुनेला पित्त झालंय म्हणून सांगितलं आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन माझं सारं आयुष्य उलटलं, तरी बोलायचं तुमच्याशीच. त्या दिवशी बैलगाडीत तुम्ही, मी आणि माझं तान्हं पोर, एवढेच तर होतो. पोर काय सांगणार, कपाळ!

आपल्या घरात सलाम हा साधा शब्द नव्हता. बाप्तिस्म्याआधी तुमचे वडील गावात महारकी करायचे. पाटील समोर आला की पायातलं काढायचं, वाकून मातीला हात लावायचा आणि म्हणायचं, "जोहार, मायबाप." मिशनच्या लोकांत त्यांनी पाहिलं की गोरा साहेब स्वयंपाक्याला सलाम करतो आणि स्वयंपाकी साहेबाला. मंग काय, बाप्तिस्मा झाल्यावर गावात आले आणि चावडीपुढं ताठ उभं राहून पाटलालाच सलाम ठोकला. त्यापायी पाटलाच्या माणसांनी उजवा हात मोडला त्यांचा. तो पुढं कधी सरळ झाला न्हाई, तर डाव्या हातानं सलाम करायचे आणि वर हसायचे. तुम्ही उपदेशक झालात, गावात शाळाही चालवलीत, सगळे तुम्हाला मास्तर म्हणायचे. पण दर रविवारी तुमच्या उपदेशाची गाडी फिरून फिरून तिथंच यायची. "माझ्या बापानं एक शबुद टाकला अन् एक घेतला. आपला सारा इश्वास त्या दोन शब्दांच्या मधी हाय. तो वर वाट बघून राह्यलाय. त्याच्यामागं आपण, आपल्यामागं आपली लेकरं, एका रांगंत जायाचं." आम्हा पोरींना हे पाठ झालेलं, आम्ही पदराआड हसायचो. पण त्या रांगेवर माझा बिलकुल पक्का भरवसा होता. माणूस मेलं तरी आपल्यात फार रडारड व्हायची न्हाई, कारण रांगेत जो तो आपापल्या जागी उभा आहेच, असं वाटायचं.

माझं पहिलं बाळंतपण जालन्याला, मिशनच्या दवाखान्यात झालं. तेव्हाच पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. रझाकारांनी छळलेली माणसं सूड घ्यायला निघाली होती, आणि ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं अशा गरीब मुसलमानांचीही घरं जळत होती. गाड्या परत सुरू झाल्या तसे तुम्ही मला न्यायला आलात. पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंतचा लांब कोट. आईनं निघताना म्हटलं होतं म्हणे, "या दिसांत ती दाढी तेवढी काढा वो." तुम्ही म्हणालात, "कशापायी? मला सारा मुलूख वळखतो." दवाखान्याच्या ओसरीत तुम्ही पोराची इवलीशी मूठ धरून त्याच्या कपाळाला लावलीत. "सलाम करा, मालक, पंजोबाला सलाम करा." मला अजून दिसतं ते. टाके दुखत होते तरी मी हसते आहे, आणि नर्स दाराशी उभी राहून "बास की मास्तर" म्हणते आहे.

परतूरला उतरलो. गाडी तुम्हीच हाकत होतात. आष्टीच्या रस्त्याला, ओढ्यापाशी, काठ्या-भाले घेतलेली माणसं उभी होती. त्यातला एक अगदी अदबीनं म्हणाला, "राम राम." ती परीक्षा होती, तुमच्या ध्यानात आलं न्हाई. जन्माच्या सवयीनं तुमचा हात कपाळाला गेला. "सलाम, भाऊ." झालं! दाढीला धरून खाली ओढलं तुम्हाला. तुम्ही म्हणत होतात, "ख्रिस्ती हाय मी. येशूचा माणूस. मिशनचा मास्तर." "ते काय आसतंय? अन् सलाम कुठून आला रं तोंडात?" भाल्याचं टोक तुमच्या बरगडीला टेकलेलं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, पोराकडं पाहिलंत. आणि मंग तुम्ही पायताण काढलंत, डोईचं मुंडासं काखेत धरलंत, वाकलात, मातीला हात लावलात. "जोहार, मायबाप. गावचा महार हाय मी." जन्मात कधी जोहार घातला नव्हता तुम्ही, बाबा, आणि कसा बराबर घातलात! आवाजसुद्धा दुसऱ्याच कुणाचा निघाला. ती माणसं मोठ्यानं हसली. "आरं येड्या, मंग आधी सांगायचं न्हाई का! जा, जा जल्दी." एकानं वर "बाळंतीण हाय, दमानं हाका" म्हणून बैलांना वाट करून दिली. आम्ही सुटलो. ज्यांच्यापाशी म्हणायला दुसरा शब्द नव्हता, ते ओढ्याच्या पलीकडं पडलेले होते. तुम्ही मला तोंडावर पदर घ्यायला सांगितलंत आणि गाव येईस्तोवर बैल हाकत राहिलात.

रविवारी माणसं जमली, तुम्ही मात्र चुलीपाशी बसून राहिलात. आई म्हणाली, "लोकं खोळंबलेत, उठा." तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या कोनाला म्हनू दे प्रार्थना." आईचा राग तुम्हाला माहीतच आहे. भाकरी तव्यावर तशीच टाकून ती कडाडली, "नातू जित्ता आणला तुमी. पाप केलं का काय?" तुम्ही खाली बघून म्हणालात, "तारणारा तारणारा म्हनून ज्याचं नाव गावोगाव सांगत फिरलो, त्याच्यावर सोडून द्यायला मला त्या येळंला जमलं न्हाई. बापाच्या हाताचं मोल मी घालवलं." भाकरी करपली, कुणी उलटली न्हाई. पुढं जालन्याचे पाळक मुद्दाम आले. जिवाच्या भीतीनं प्रभूला नाकारणाऱ्या शिष्याची गोष्ट त्यांनी तुम्हाला समजावून सांगितली, की प्रभूनं त्याला पुन्हा विचारलं, "माझ्यावर प्रीती आहे का?", त्याला क्षमा मिळाली, तुम्हालाही आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "त्याला परभूनं पुन्यांदा इचारलं तरी, पास्टरसाहेब. मला कोन इचारतंय?" पाळकांनी चहा घेतला आणि ते गाडी गाठायला निघून गेले.

मला तुमचा राग यायचा, बाबा. खोटं कशाला बोलू? माझ्या पोराचा जीव वाचला त्याचं तुम्ही सुतक धरून बसलात! मी एकदा तसं म्हणालेसुद्धा. तुम्ही पोराला उचलून घेतलंत, थोपटलंत, पण त्याची मूठ पुन्हा कधी कपाळाला लावली न्हाई. मंडळी हळूहळू विरली. कुणी जालन्याला गेलं, कुणी पुण्याकडं, उरलेले नुसते नाताळापुरते यायला लागले. आपल्या उपासनेच्या खोलीत आता खताचं गोदाम आहे. ते पोर आता पेन्शनीत निघालं. चांगलं आहे हो, मला जपतं. पण देवळात येत न्हाई. "मेल्यावर काही नसतं, आई," असं वर्तमानपत्र वाचता वाचता सांगतं. त्याला मी त्या रस्त्याचं कधीच सांगितलं न्हाई. काय सांगू? तुझ्यासाठी आजोबा वाकले आणि तिथंच रांग तुटली, असं सांगू? हे कागदही त्याच्या हाती लागू द्यायचे न्हाईत. चुलीत घातले असते, पण घरात आता गॅस आहे. बघू, फाडून टाकीन.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत. दुपारची वेळ, आई पाण्याला गेलेली, मी तुमच्या ओठांना ओलं फडकं लावत होते. तुम्ही माझं मनगट पकडलंत आणि अगदी लहान पोरासारखं विचारलंत, "बाय, माझा बाप मला वळखंल का गं?" मी म्हणाले, "ओळखतील की, बाबा. वाटच पाहतायत." उपदेशकाच्या लेकीला शोभेल अशा ठाम आवाजात म्हणाले. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत राहिलात, बघता बघताच गेलात. बाबा, मी म्हणाले खरं, पण मला माहीत नव्हतं. आता माझे दिवस भरत आलेत, आणि मला अजूनही माहीत न्हाई.